बेताचं पाणी

प्रिय आई,

“चेडवांनी सांजचा पाणी बेतान पिवचा.” मी आठवीत असताना, मुलीच्या जातीला हा नियम सांगत तू माझ्या हातातला पेला काढून घेतला होतास. कारण सांगायची गरज नव्हती. संडास गॅलरीच्या त्या टोकाला, तिथला दिवा कायमचा गेलेला आणि वाटेत कठड्याला टेकून उभी असलेली पोरं. तू मला त्या पोरांपासून जपत होतीस. ती पोरं आता आजोबा झाली, निम्मी काळाचौकी सोडून गेली. तू मात्र अजून बेतानेच पितेस.

गणपतीनंतरचे ते दिवस तुला आठवत नाहीत, म्हणून सांगते. तू शेजारच्या शेवंतीकाकूंना तुझ्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारत होतीस. गॅसवर रिकामं पातेलं ठेवून दूध वर का येत नाही म्हणून त्याच्यावर रागावली होतीस. सगळी चाळ म्हणाली, गंगुबाईंना म्हातारचळ लागला. भिवाकाका नारळ ओवाळून टाकायला सांगून गेले. मीही मनातून तुला हरवून बसले होते. मग हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरने तुझी जीभ बघितली आणि विचारलं, आजी पाणी किती पितात? मी कधी मोजलंच नव्हतं. तूच म्हणालीस, “चिकार.” एवढा एकच शब्द त्या दिवशी तू शुद्धीवर असल्यासारखा बोललीस, आणि तोही खोटा.

डोक्याला काही झालं नव्हतं. पाणी कमी, म्हणून लघवीत जंतू आणि अंगातलं मीठ खाली गेलेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ताप येत नाही, जळजळ कळत नाही, माणूस एकदम भ्रमल्यासारखं वागू लागतं. तहानसुद्धा वयाबरोबर कमी होते, त्यामुळे तहान लागायची वाट बघायची नाही. सलाईन आणि औषधांनी तू परत आलीस. चादर नीट घातली नाही म्हणून वॉर्डातल्या मावशींना तू झापलंस, तेव्हा मी इतकी हसले की त्या माझ्यावरच रागावल्या.

मला वाटलं, आता तरी ऐकशील. शेवंतीकाकूंनी रोज सकाळी तुझी बाटली भरायची असं आम्ही ठरवलं. बाटली संध्याकाळी रिकामी असते, असं त्या अभिमानाने सांगायच्या. मग मी आले तर तुळस पिवळी पडलेली, मुळं कुजलेली, कुंडीत चिखल. आई, तुळशीच्या वाट्याला दुप्पट पाणी आणि तुझ्या वाट्याला दोन घोट. मी तशीच गॅलरीत जाऊन उभी राहिले, नाहीतर तुझ्यावर ओरडले असते.

काय करायचं ते मलाच कळेनासं झालंय. खोल्यांच्या जवळ एक संडास बांधा म्हणून चाळ कमिटीकडे गेले, तर म्हणाले, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, आता कशाला खर्च. हे मी लग्नाआधीपासून ऐकतेय. दादरला माझ्याकडे चल म्हटलं, तर तू म्हणालीस, “जावयाच्या घरात रवाचा? अप्पांका काय वाटात?” अप्पांना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांना काय वाटेल याची तुला काळजी, मला काय वाटतं याची नाही.

मग खोलीतच लघवीला बसता यावं म्हणून मी ती भांड्याची खुर्ची आणली. पडदा आणला, तो लावायला माणूस आणला. पुढच्या खेपेला आले तर खुर्चीवर गोधड्या रचलेल्या आणि वर तांदळाचा डबा. मी काही विचारायच्या आतच तू देव्हाऱ्याकडे बोट दाखवलंस. “देवासमोर बसान करूचा? खुळावलंस काय गो?” एकच खोली. तिथेच चूल, तिथेच अंथरूण, तिथेच अप्पांच्या घराण्याचे देव. पडदा कुठेही लावला तरी देव समोरच.

परवा शेवंतीकाकूंचा फोन आला. तू पुन्हा त्यांना बहिणीच्या नावाने हाक मारलीस. एकदाच, आणि लगेच सावरलंस म्हणे. पण मी ऑफिसातल्या जिन्यात बसून राहिले. या खेपेला तू परत येशीलच असं मला कोणी लिहून दिलेलं नाही. उद्या डॉक्टरांकडे न्यायला येतेय, त्याला नाही म्हणायचं नाही.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, विचारशील. कानाचं यंत्र तू डब्यात ठेवलंयस. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी हे बोलले, तर अख्खी गॅलरी ऐकेल आणि तुला मान वर करून चालता येणार नाही. म्हणून लिहितेय, आजच माणसाहाती पाठवतेय. चष्मा लावून एकटीने वाच. माहेरचे देव लेकीच्या सासरी जात नाहीत, हे मला माहीत आहे. तरी तुझ्या जावयाशी, रमाकांतशी बोलून मी आमच्या हॉलमधला पूर्वेचा कोनाडा रिकामा केलाय. पूजा तुझ्या पद्धतीने होईल, नैवेद्याला उकडा भातच असेल, आणि तुला वाटेल तेव्हा येऊन तू मला चुका दाखव. तुझ्या खोलीत मग खुर्चीला जागा होईल आणि तू मन भरून पाणी पिशील. तू नाहीच म्हणणार आहेस. तरी मागते, आई, तुझे देव मला दे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
कालिंदी