दिवाणाला जामीन हवा

२१ ऑक्टोबर १८४१, गुरुवार

टक् — टटक् — टक् — टटक्! हेल्त्सेल मास्तरांचा पाइप, शाळेतल्या शेगडीच्या फरशीवर. आज पहाटे हाच आवाज ऐकत जागा झालो. मास्तरांना जाऊन किती काळ लोटला! बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, दुसरं काही नाही. पण मी पडल्या पडल्या ठेका धरला आणि वाचनपुस्तकातली नावाड्याची कविता म्हणायला लागलो —

नावाड्या, मालव आता दिवा,
पैलतीरी बघ उजाडले...

तिसऱ्या कडव्याशी अडलो. नेहमी तिथेच अडतो.

आपोलोनिया कॉफी घेऊन आली. "कोणाशी बोलताय?"

"मास्तरांशी."

"मग त्यांनाच विचारा, अंडं कितपत उकडू."

बायको गेल्यापासून हीच घर सांभाळते. मलाही सांभाळते म्हणायचं.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज खानावळीतलं आमचं नेहमीचं टेबल. औषधवाला क्नोर तोंड पाडून बसलेला. तो नगरसभेत आहे. नऊ जागांपैकी आठ भरल्या, नववीला कोणी मिळत नाही. निवडणूक मार्टिनच्या सणाला, ११ नोव्हेंबरला, आणि तोवर नववा उमेदवार मिळाला नाही तर सभाच बरखास्त! ड्यूक राजधानीतून अंमलदार पाठवणार, आणि गाव पुन्हा त्याच्या शिट्टीवर चालणार. हे कलम माझंच. दिवाण असताना मीच लिहिलं. तेव्हा वाटलं होतं, एवढ्या धाकाने तरी लोक पुढे येतील.

"लोक येतात हो," क्नोर म्हणाला, "पण एकदाच! दिवसभर दुकान, संध्याकाळी दुसऱ्यांच्या गटारांवरून भांडणं, आणि सगळं फुकट. पूर्वी शिव्या अंमलदाराला पडायच्या, आता मला. माझ्या खोकल्याच्या औषधात पाणी आहे म्हणतात!"

"आहे की नाही?" कोणीतरी विचारलं.

"थोडं असतंच!"

राजधानीतले नवे मंत्री याचीच वाट बघताहेत. एकेक गाव असं परत गिळत चाललेत. मला राहवलं नाही. म्हटलं, "नववा मी उभा राहतो."

मग जो हशा पिकला! क्नोर डोळे पुसत म्हणाला, "दिवाणसाहेब, रागावू नका, पण तुम्ही गावचे नागरिक कुठे आहात?"

खरंच की! हे घर आत्याचं. सरदारांचं माफीचं घर — ना गस्त, ना आगीची पाळी, ना गावच्या यादीत नाव. राजधानी सोडून इथे राहायला आलो आणि चौकशीसुद्धा केली नाही. अख्ख्या संस्थानाला नागरिक करून सोडलं, स्वतः व्हायचं राहूनच गेलं!

२४ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून परतताना चिटणीसाला गाठलं. नागरिक व्हायचं तर शपथ, आग विझवायला स्वतःची कातडी बादली, आणि दोन जामीन. त्यांतला एक कोणत्या तरी धंद्यातला उस्ताद हवा. हीही माझीच मेहेरबानी! कारागिरांच्या मंडळांची मक्तेदारी मी मोडली. त्यांचं दुःख थोडं हलकं व्हावं म्हणून हा एवढा मान त्यांच्याकडे ठेवला होता.

एक जामीन क्नोर. दुसरा?

आपोलोनियाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आग लागली की दिवाणसाहेब बादली घेऊन धावणार! जिना उतरेपर्यंत आग आपली आपण विझेल."

२५ ऑक्टोबर

अक्रोड पडताहेत. दिवसभर काही केलं नाही.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

खोगीरवाल्याकडे बादली सांगितली. जामिनाचं विचारलं तर खाली मान घालून टाके घालत राहिला. "बादली देतो साहेब. शब्द नाही देता येत. थोरले उस्ताद बोलल्याशिवाय आमच्यातला कोणी बोलत नाही."

लोहाराकडे तेच. सुताराकडे तेच. त्याने निदान बसायला स्टूल दिलं.

थोरले उस्ताद म्हणजे रंगारी वेन्डेलिन फार्बाख. माझा वेन्डेलिन! एका बाकावर बसायचो आम्ही. माझी बोटं शाईने काळी, त्याची बापाच्या रंगशाळेतल्या निळीने निळी. मास्तर म्हणायचे, या दोघांचे हात कापून आणले तरी मी ओळखीन. कारागिरांचा कायदा झाल्यापासून तो माझ्याशी बोललेला नाही. बाजारात मी दिसलो की रस्ता ओलांडतो — चिखल असला तरी.

२७ ऑक्टोबर, बुधवार

झोप नीट लागली नाही, पण वाईट वाटलं नाही. जुने दिवस येऊन बसले होते उशाशी.

फ्रेंच फौजा निघून गेल्या ते साल. तिजोरीत उंदीर, रस्त्यांवर लंगडे शिपाई, आणि थोरल्या ड्यूकने मला बोलावून म्हटलं, "तू पोरगा आहेस, तुला अजून लाज वाटते. तूच हो दिवाण." काय दिवस होते! रात्रीत मसुदा, सकाळी सही. वेठ बंद केल्याचा जाहीरनामा वाचायला मी स्वतः हाल्डेन गावात गेलो. धान्याच्या कोठारात सगळे जमले होते. मला वाटलं, टोप्या उडतील. कोणी हललं नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग सकाळी कामाला कधी लागायचं ते आता कोण सांगणार?" मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा. तो बायकोकडे वळला, "ऐकलंस? आता तुझा त्रास वाढला." तेव्हा कुठे हसले सगळे! ते हसू माझ्या सगळ्या पदकांपेक्षा मोठं.

मग शाळा. मग गावांच्या नगरसभा. मग कारागिरांचा कायदा — कोणीही कोणताही धंदा करावा. केवढ्या उमेदीने लिहिला होता!

मग धाकटा ड्यूक गादीवर आला. त्याच्या दरबारात कोणाला तोंडावर काढून टाकत नाहीत. जेवणानंतर कॉफी फिरते, ती आपल्या शेजाऱ्यापर्यंत येते आणि थांबते. त्या दिवशी पेला माझ्या डाव्या हाताशी थांबला. मी उठलो, वाकून नमस्कार केला, निघालो. बाहेर बर्फ पडत होता आणि मी — मूर्ख! — कविता म्हणत होतो.

३० ऑक्टोबर, शनिवार

गेलो रंगशाळेत. ओढ्याकाठी तीच जागा, तोच आंबूस वास. दार त्याच्या बायकोने उघडलं. ओटिलियेबाई. हात कोपरापर्यंत निळे, हातात ढवळण्याची काठी. मला बघून एवढंच म्हणाली, "ते भट्टीपाशी आहेत. फार बोलायला लावू नका." आणि पुन्हा पिंपाकडे गेली.

वेन्डेलिन खुर्चीत, पायावर घोंगडी. धाप लागलेली. भिंतीशी कामगारांची बाकं होती. रिकामी.

"आलास?" तो म्हणाला. "बस. बाकं बरीच आहेत. तुझ्या कायद्यानंतर मोकळीच असतात."

म्हटलं, "वेन्डेल, जामीन राहतोस का?"

"ऐकलं मी. मजा वाटली. तू माणसांना मोकळं केलंस ना? मलाही केलंस. छापील कापडाची गिरणी आली, माझे चार कामगार मोकळे झाले. मी बसलोय मोकळा."

"अंमलदार आला तर जास्त वाईट होईल."

"होईल. पण त्याला शिव्या घालायला मजा येईल. तुला घालताना मास्तर आठवतात."

दोघेही हसलो. मला वाटलं, वितळला! तेवढ्यात तो म्हणाला, "ती कविता येते का रे अजून? तिसऱ्या कडव्यात अडायचास." आणि धापा टाकत टाकत म्हणाला —

उतारू उतरून जातो घरी,
नाव परतते एकटी...

"इथेच विसरायचास तू. का विसरायचास, सांग ना? तू उतारू. उतरलास, गेलास राजधानीला. नाव आम्ही वल्हवत आणली परत. नाही, आल्बी. माझा शब्द नाही मिळायचा."

आल्बी म्हणाला! इतक्या वर्षांनी कोणी मला आल्बी म्हणालं. नकार घेऊन घरी आलो आणि तरी दिवसभर ऊर भरून आहे. म्हातारपणाचं काही खरं नाही.

२ नोव्हेंबर

बादली आली. सुरेख शिवलीय. आपोलोनियाने तिच्यात कांदे भरून ठेवले.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

वेन्डेलिन गेला. आज पहाटे, खुर्चीतच.

७ नोव्हेंबर, रविवार

पुरलं त्याला. उस्तादांनी खांदा दिला. सगळ्यात पुढे मंडळाचा झेंडा, काळी फीत बांधलेला. मी रांगेत कुठे चालायचं ते कोणाला कळेना — उस्तादांत नाही, नागरिकांत नाही, नातेवाईकांतही नाही. शेवटी एकटाच मागे, बायकांच्याही मागे. बरंच झालं. तिथे रडता आलं.

थडग्याशी कविता म्हणावीशी वाटली. तोंड उघडलं आणि मिटलं. तिसरं कडवं आता विसरणार नाही.

परतताना क्नोर शेजारी आला. हळूच म्हणाला, "वेळ नाही ही, पण सांगतो. नवे थोरले उस्ताद फेब्रुवारीच्या बैठकीत ठरतील. तोवर कोणी बोलायचा नाही. आणि उमेदवारांची यादी उद्याच बंद होते; संध्याकाळी कचेरी बंद होण्याआधी तुमची शपथ झाली नाही, तर नववी जागा गेली. सभा गेली म्हणूनच समजा." जरा थांबून म्हणाला, "मलासुद्धा कंटाळा आलाय हो. पण तो अंमलदार माझ्या दुकानावरून फिरताना नाही बघवणार."

हाल्डेनच्या कोठारातलं हसू आठवत बसलो. माझ्या कामातलं एवढं सभेचंच उरलं होतं या गावात. उद्या तेही जाईल. आणि मी खिडकीत बसून बघणार, माफीच्या घरातून.

८ नोव्हेंबर, सोमवार

घाईत लिहितो, कोट चढवता चढवता! आपोलोनिया म्हणाली, भेटायला कोणी आलंय. वाटलं, क्नोर सांत्वनाला. तर उंबऱ्यात ओटिलियेबाई. काळे कपडे, हात निळेच. आत या म्हटलं, आली नाही.

"ते नाही म्हणाले. ते त्यांचं. पण आमच्या मंडळात नवरा गेला की भट्टी चालवते ती बाईच उस्ताद. तुमच्या कायद्याच्या आधीपासून. अंमलदार आला तर ओढ्याचं पाणी आधी गिरणीला जाईल, मी काय रडून कापड रंगवू? आणि थोरलं आता कोणी नाही, म्हणजे मला थांबवणारंही कोणी नाही. तुम्ही गावभर हिंडलात, मला विचारलंच नाहीत."

"आता विचारतो, बाई —"

"वाटेत विचारा. टोपी घाला, कचेरी बंद होईल."