ट्रॉम्बोनला चिंच

मुंबई, २२ सप्टेंबर २०२५

ती. दयानंदमामांस,
भाची क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा फोनचा उपयोग नाही आणि मामीकडे निरोप दिला की ती त्याला तिखटमीठ लावते, म्हणून हे पत्र. चौदा ऑक्टोबरला इथल्या मोठ्या वाद्यवृंदासाठी माझी ऑडिशन आहे. ट्रॉम्बोनची एकच जागा आहे, पुन्हा कधी निघेल कोण जाणे.

कॉलेजचं वाद्य परत करावं लागलं, आता स्वतःचं घ्यायचंय. मॉडेल ठरलं, घोडं अडलंय ते फिनिशवर. लॅकरचा काचेसारखा पातळ थर दिला की पितळ सोन्यासारखं राहतं आणि सूर नीटस येतो. चांदीच्या मुलाम्याने सूर उजळतो म्हणतात. काही जण मात्र उघडंच पितळ वाजवतात, ते काळवंडतं. दुकानदाराने लॅकरवाला पंधरा दिवस वाजवून बघायला दिलाय. शनिवारी तो घेऊन मुळशीला येते, कारण इथे सूर लावला की शेजारी भिंत ठोकतात. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही हेच वाजवलंत. कर्ण्यावर तळवा ठेवलात तरी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
क्षितिजा


मुळशी, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. क्षितिजा हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

सकाळी तू बॅग न उघडताच खांद्याला लावून बस धरलीस आणि मी खरं सांगायचं सोडून हात हलवत राहिलो. आता लिहितो. काल खंडेनवमीला तू आईकडे घोटावड्याला गेलीस, तेव्हा मी तुझ्या ट्रॉम्बोनला चिंच लावली. आमच्या बँडची रीतच होती. नवमीला सगळी वाद्यं चिंचेने धुवायची, विटेच्या पुडीने तोंड दिसेपर्यंत घासायची, मग हळदकुंकू आणि झेंडूची माळ. बँड मोडून सहा वर्षं झाली, तेव्हापासून नवमीला घरात पितळ नव्हतं. मला राहवलं नाही. तुझी मामी म्हणत होती की अवो, पोरीचं वाद्य हाय, घरची घंगाळी न्हाईत, तिला इचारलं का? ओठांवरून मला सगळं कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. पिवळी साल निघायला लागली तेव्हा वाटलं, जुना मळ आहे. म्हणून आणखी जोर लावला. कर्ण्यावर चट्टे पडलेत, पोरी. दुकानदाराला माझं नाव सांग.

या चार दिवसांत धुकं धरणाच्या पाण्यावर असताना तू काठावर लांब सूर धरायचीस आणि तो कर्ण्यावर ठेवलेल्या माझ्या तळव्यातून कोपरापर्यंत चढायचा. मग रोज स्वप्नात मला ऐकू यायचं. मी धरणाच्या पाण्यावरून चालतोय, सूर संपतच नाही आणि बगळेसुद्धा सावकाश उडतायत. त्या आनंदात मी तुझं वाटोळं केलं. राग धर, पण पत्र टाक.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मामा


मुंबई, १५ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तेरा दिवस मुद्दाम पत्र टाकलं नाही. बॅग उघडली तेव्हा मी रडले आणि तुमचा इतका राग आला की लिहिलेलं पत्र फाडलं. दुकानदार म्हणाला, आता हा तुमचाच. नवीन लॅकरला तीन आठवडे लागणार होते, तेवढे हातात नव्हते. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांनी उरलेला थरही काढून टाकला. माझ्या मनाने मी हे कधीच निवडलं नसतं.

काल परीक्षक पडद्यामागे बसले होते. त्यांनी ना मला पाहिलं, ना वाद्याला. पहिला सूर लावला आणि मला खोली दिसेनाशी झाली. समोर पाणी होतं, धुकं होतं, काठाकाठाने भाताच्या लोंब्या होत्या. सूर भरदार आला, थोडा खरखरीत, भल्या माणसाच्या आवाजासारखा. लॅकरमध्ये तो असा नव्हता. मामा, ती जागा मला मिळाली. उघडं पितळ दरवर्षी घासावं लागतं म्हणे, तेव्हा हे काम तुमच्याकडे लागलं.

राग संपला, माया तेवढीच आहे.
तुमची,
क्षितिजा


मुळशी, १९ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट मामीनेच आधी फोडलं. मी खाचरात होतो, ती बांधावरून ओरडत आली. मला ऐकू काही आलं नाही, पण तिच्या ओठांवरून पहिल्याच झटक्याला कळलं की तुझी निवड झाली. तिथेच चिखलात बसलो. ती परत ओरडली. मी कानाला हात लावून, काही कळलं नाही अशी मान हलवली. असं मी तिला पाच वेळा सांगायला लावलं.

असाच जीव लावून राहा.
तुझा,
मामा