शेगडी गेली, बाबा राहिले

दि. १२ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या तिकडच्या देशाच्या राष्ट्रदिनाच्या सहलीचा फोटो तुझ्या बायकोने पाठवला. तळ्याकाठी चादर, कलिंगड, झेंडे, तुझ्या सासऱ्यांची नवी टोपी, आणि आपल्या बाबांची शेगडीसुद्धा. फक्त बाबा नाहीत! फोटो उलटा करूनही पाहिला. दर वर्षी ती शेगडी पेटवतं कोण रे? जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस. गाडीत जागा नव्हती असं सांगू नकोस, एवढ्या खुर्च्या मावल्यात.

लोभ आहे, पण तूर्त कुलपात ठेवला आहे. उत्तर आलं की बाहेर काढीन.

तुझी ताई

दि. १६ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तळ्याकडे उतरायला पायऱ्या नाहीत, नुसती घसरण आहे, आणि बाबांचे गुडघे तुला माहीत आहेत. मागच्या वर्षी उन्हात त्यांना चक्कर आली तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तू नव्हतीस. त्यांना पंखा लावून दिला, ताट झाकून ठेवलं, शेजारच्या न्हावीकाकांना लक्ष ठेवायला सांगितलं. बाबा एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. मी काय त्यांचा वैरी आहे? तुझ्या समाधानासाठी सांगतो, शेगडी धड पेटलीच नाही. सगळ्यांनी कच्ची कणसं चावली.

राग कर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. १६ जून

चि. ठमे, अ. आ.

धाकट्याने तुला लिहिलेलं पत्र टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी वाचलं. तुझंही वाचलं, टेबलावरच पडलं होतं. आता त्याच पाकिटात हे माझं घालतो आहे.

दोघं माझ्यावरून भांडताय आणि मला विचारत कुणीच नाही! त्याचं सोड. तू एवढी तावातावाने लिहितेस, तेही त्यालाच. मी याच घरात राहतो गं. टपालवाला मला चांगला ओळखतो.

मी काही म्हणालो नाही म्हणे. गाडी भरत होते तेव्हा मी बूट घालून दारातच उभा होतो. मला जरा बाजूला सरकायला सांगून शेगडी उचलली. यावर काय म्हणायचं?

मग न्हाव्याला म्हटलं, लक्षच ठेवायचं आहे ना, मग तळ्यावर चल. त्याने स्कूटरवर मागे बसवलं. पलीकडच्या काठाला घसरण नाही, झाडंही आहेत. चक्करबिक्कर काही आली नाही. व्याह्यांनी शेगडीचं तोंड वाऱ्याच्या उलट केलेलं तिथूनही दिसत होतं. हात नुसते शिवशिवत होते.

शेवटी राहवेना. उभा राहून हात हलवला. नातीने पाहिलं, धाकट्यानेही पाहिलं. सगळ्यांनी हसून हात हलवले, परक्या माणसाला हलवतात तसे, आणि कलिंगडाकडे वळले.

संध्याकाळी धाकट्याने विचारलं, बाबा, कंटाळा नाही ना आला. मी म्हटलं, छान झोप लागली. तेव्हा राग गिळला, आता गिळवत नाही. त्याला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्याने सांगवत नाही.

लोभ दोघांवर सारखाच आहे, हीच तर पंचाईत.

तुझे बाबा