गार पाण्याचा दोष

४ फेब्रुवारी, सकाळ.
बोटं अजून उघडत नाहीत. भात शिजला, बायकोने, क्रिसांताने, मासळी तळली, तरी उजवी मूठ अर्ध्यातच अडकलेली.
काल शहरातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा संधिवात म्हातारपणाचा नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांना शत्रू समजून कुरतडतं. दर सोमवारी गोळी घ्या, मधून मधून रक्त तपासा, सिगारेट सोडा. लवकर आवरलं तर आवरेल, कुरतडलेलं हाड मात्र परत येणार नाही. मी मान हलवली. बाई शिकलेल्या आहेत, पण त्यांनी कधी झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला पातं बांधलंय का?
कारण मला ठाऊक आहे. पास्मा, गार पाण्याचा दोष. नाताळच्या झुंजींत दिवसभर बांधून बांधून उजवा हात तापला होता आणि घरी आल्या आल्या क्रिसांताने हात नळाखाली धुवायला लावले. तापल्या हातावर गार पाणी. शिरा आखडणार नाहीत तर काय?
निश्चय: मे महिन्यातल्या जत्रेपर्यंत हातांना पाणी नाही. जत्रेत दोस्त गाउदेनच्या कोंबड्याला पातं मीच बांधणार. शेजारचा रोहेल टपलेलाच आहे. त्याने एकदा बांधलं की मला पुन्हा कोण बोलावणार?

१० फेब्रुवारी, सोमवार.
गोळी घेतली. दुपारभर मळमळ. ज्या औषधाने जेवण जात नाही ते औषध कसलं? पाकीट कपाटात, शर्टांच्या खाली. क्रिसांताने विचारलं तर 'घेतो' म्हणायचं.

११ फेब्रुवारी.
तिने विचारलं. घेतो म्हणालो.

२० फेब्रुवारी.
हात कोरडे. सकाळ-संध्याकाळ आल्याचं तेल चोळतो आणि पुसत नाही, आत मुरायला हवं. क्रिसांता म्हणाली, "चमच्याने खा. आणि तो चमचा बाकीच्यांत ठेवू नकोस." चाळीस वर्षांचा संसार, आणि चमचा वेगळा.
सिगारेटचंही मनावर घेतलं आहे. आता प्रत्येक सिगारेट अर्धीच ओढतो. पाकीट मात्र लवकर संपतं, का कळत नाही.

३ मार्च.
बोटं उघडली! उठल्या उठल्या कॉफीचा कप एका हाताने धरला. पाणी बंद केल्याचा गुण, दुसरं काय. लगेच गाउदेनकडे गेलो. तो माझ्या धाकटीचा धर्मपिता, आम्ही एकमेकांना 'पारे' म्हणतो. म्हटलं, पारे, मी बरा झालो. तो म्हणाला, "मग तो हात लांब ठेव, वास येतोय." पण पातं मीच बांधायचं हे त्याने कबूल केलं.
आज सोमवार होता. गोळीची गरजच काय? बऱ्या माणसाने औषध घेणं म्हणजे दुखणं बोलावणं.

१९ मार्च.
परत तेच. आणि आता डावा हातही, तीच बोटं, तेच सांधे, आरशात बघावं तसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे दोन्ही बाजूंना होतं. योगायोग. डाव्या हाताने मी काहीच धरत नाही, मग त्याला कसला पास्मा? विचार केला. दोन्ही हात एकाच अंगावर राहतात, एकाचं दुसऱ्याला लागलं असणार.
गोळी घ्यावी का? पण इतक्या दुखण्याला ती इवलीशी गोळी काय पुरणार?

११ एप्रिल.
बटणं लागत नाहीत. नवी पद्धत काढली आहे: शर्टाची बटणं आधीच लावून ठेवायची आणि तो डोक्यातून घालायचा. आज डोकं आत अडकलं. क्रिसांता हसली, मग हसायची थांबली आणि माझ्या मनगटांकडे बघत राहिली. म्हणाली, "फान्यो, गोळ्या चालू आहेत ना?" म्हटलं, चालू आहेत.

२ मे.
खुर्चीच्या पायाला पातं बांधायची प्रॅक्टिस करतो आहे. गाठ बसते. बराच वेळ लागतो, पण बसते. रोहेल कुंपणावरून बघत होता. विचारतो, "लोलो, खुर्ची जिंकली का?" लोलो म्हणे! मी काय त्याचा आजोबा? त्याच्या आजोबांना पातं बांधायला मीच शिकवलं होतं. नातवाला नाही शिकवणार.

१५ मे, जत्रा. संध्याकाळ.
आज कोंबड्याचा पाय जरा बारीक निघाला. दोराही नवा, निसरडा. गर्दी डोक्यावर येऊन बसल्यावर कुणाची बोटं चालणार? पहिली गाठ मीच मारली. आखाड्यात पंचाने पातं हलवून बघितलं आणि ते कोंबड्याच्या पायाभोवती गोल फिरलं. वरच्या बाकांवर लोक हसले. दुसरी गाठ मारायला घेतली तर पातं मातीत पडलं. ते उचलायला वाकलो, पण चिमटीत येईना.
गाउदेन जवळ आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. हळूच म्हणाला, "पारे, तुझ्या हाताला तेल आहे." मग माझ्या खांद्यावरून मागे बघून म्हणाला, "रोहेल, ये रे."
रोहेलने दमही न घेता बांधलं. कोंबडा जिंकला. मला मांडवात पंख्याखाली बसवलं आणि थंड सरबत दिलं. पाहुण्याला देतात तसं.

१७ मे.
क्रिसांता दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाताची हाडं उजेडावर धरली. जिथे फट असायला हवी तिथे फट नाही. जे गेलं ते गेलं, म्हणाल्या. कोपरं, खांदे, गुडघे अजून शाबूत आहेत, ते राखता येतील. मग विचारलं, "गोळ्यांनी काहीच फरक नाही? मग औषध बदलावं लागेल." क्रिसांता माझ्याकडे बघत होती. म्हटलं, अजून थोडे दिवस तीच देऊन बघा.

१९ मे, सोमवार.
आजपासून नक्की. अंघोळीआधी शर्टांखालून पाकीट काढलं. गोळी पाकिटातून बाहेर येईना. अंगठ्याने दाबली, तळहाताने दाबली, टेबलाच्या कडेवर दाबली. दात लावले. वरचा चांदीचा कागद तसाच. आतली गोळी स्पष्ट दिसते.
क्रिसांता दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिने पाकीट घेतलं, उलटं-सुलटं केलं. एक खड्डा रिकामा, बाकी सगळे भरलेले. मी बोलणार होतो, मळमळीबद्दल.
तिने अंगठ्याने टक्कन एक गोळी काढली, माझ्या जिभेवर ठेवली आणि ग्लास स्वतः धरला. मग पाकीट स्वतःच्या खिशात टाकून म्हणाली, "पुढच्या सोमवारी हाक मार."
निश्चय: हाक मारायची. हळू आवाजात. कुंपणापलीकडे रोहेल राहतो.