फितूर मानेतच

२ नोव्हेंबर १९५७, तळेगाव
हाडं ठणकतात. तहान भागत नाही. पोट साफ नाही. प्रकृती मूळची लोखंडी, तेव्हा हे कोणीतरी करतं आहे. पाणी बायको देते. मी संशयी नाही, अलर्ट आहे.

५ नोव्हेंबर
माठातलं पाणी मांजरीला पाजून पाहिलं. मजेत आहे. मांजरही सामील असावी.

९ नोव्हेंबर
प्लॅन: हाडांसाठी रोज भरपूर दूध. धार स्वतः काढणार. म्हशीने लाथ मारली. तिला कोणी शिकवलं?

१६ नोव्हेंबर
दूध वाढवलं, दुखणंही वाढलं. धाकटा भाऊ रूपराव म्हणाला, "दादा, दुकान मी पाह्यतो, तुमी नागपूरले दाखवून या." दुकान पाहतो म्हणे! आजपासून मुक्काम दुकानातच, आतून कडी.

१८ नोव्हेंबर
कमरेतून अशी कळ आली की कडीपर्यंत हात पोचेना. रूपरावने दार फोडलं. बायकोने, प्रमिलेने, डोकं मांडीवर घेतलं. रडत होती. खरंच रडते का, नीट पाहिलं. खरंच. मोटारीने नागपूर.

२५ नोव्हेंबर, नागपूर
मुतखडा. रक्तात कॅल्शियम फार. डॉक्टर सांगतात, गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्यांचं हार्मोन हाडांतून काढून देतं, पुरेसं झालं की थांबतं. माझी एक वाढली आहे, थांबतच नाही. हाडं पोखरते, मूत्रपिंडात खडे करते. तहान तिचीच. वर मी दूध ओतत होतो! शिवाय म्हणाले, याने माणूस कधी कधी संशयीही होतो. म्हणजे मी निर्दोष. तिथल्या तिथे प्रमिलेला ऐकवलं. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

१० डिसेंबर
ऑपरेशन झालं. गाठ काढली. बोटांना मुंग्या. उरलेल्या तिघी सुस्तावल्यात, हळूहळू कामाला लागतील म्हणे. तोवर कॅल्शियमचं इंजेक्शन. टोचण्याआधी नर्सकडून बाटलीचं लेबल वाचून घेतलं. दोनदा.

४ जानेवारी १९५८
हाडं शांत, तहान गेली, कॅल्शियम नॉर्मल. डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, रूपराव दुकानात काहीतरी करून राहिला असं अजून वाटतं, गाठीचा तुकडा आत राहिला असेल, पुन्हा उघडून बघा. त्यांनी प्रमिलेला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, "लग्नाआधीपासून, डॉक्टरसाहेब. मले पाह्याले आलते, तवा सरबत पह्यले माह्या बापाले प्याले लावलं."
डॉक्टर म्हणाले, "हे ऑपरेशनने निघत नाही."
डिस्चार्ज.