एव्हान्थियाबाईंच्या मेणाच्या नळीबाबत

मी, पोलिक्रोनिस कारावास, वय एकोणऐंशी, राहणार थेस्सालोनिकी, जुन्या बाजारामागची दुसरी गल्ली, धंदा जुन्या फोनोग्राफची पारख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती निकामी झाली आहे, डोकं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलंच नाही.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक भाचा स्त्रातोस याला. त्याने आधी खोलीला रंग द्यावा. मी नुसता म्हणत राहिलो.

२. भिंग आणि हत्यारंही स्त्रातोसलाच. बाजारातल्या झिसिसला यातला एक पेचकससुद्धा मिळता कामा नये. तो यंत्रावरची कंपनीच्या नावाची नवी पितळी पाटी व्हिनेगरमध्ये बुडवून शंभर वर्षांची करतो आणि वर गिऱ्हाईकाला माझ्याकडेच पाठवतो. स्त्रातोस, पाटी बघू नकोस, पाटीखालच्या लाकडाचा रंग बघ. नुसत्या वाजण्यावरही जाऊ नकोस. यंत्र आवाज कोरतं का, ते बघ. त्यासाठी आवाज कोरलेली मेणाची एखादी जुनी नळी यंत्राच्याच पातीने तासून कोरी करायची, म्हणजे आधीचा आवाज जातो; मग तिच्यात बोलायचं आणि ऐकायचं. बनावट माल इथे तोंडघशी पडतो. ही रीत मी शिकवली खरी, पण पुढचं कलम वाचल्याशिवाय वापरू नकोस.

३. घरातला एकुलता एक फोनोग्राफ एव्हान्थिया सारिदू यांना. तो मूळचा त्यांचाच. १९२२ साली तुर्कांच्या किनाऱ्यावरचं आमचं स्मिर्ना शहर जळालं तेव्हा वडिलांनी तो आणि पाच वर्षांची एव्हान्थिया बोटीत चढवली; आई धक्क्यावरच राहिली. १९७१ साली मुलगा जर्मनीला निघाला म्हणून त्यांनी तो माझ्याकडे विकायला आणला. मी तपासायला बसलो, त्या कॉफी सांगायला समोर गेल्या. यंत्रावर एक नळी होती. सुरुवातीची थोडी ऐकली, नुसती खरखर. बुरशीने खाल्लेली समजून मी ती तासली, तिच्यात बोललो, ऐकलं. यंत्र अस्सल निघालं. मी खुशीत होतो.

त्या परत आल्या. "दादा, यंत्र घ्या, नळी तेवढी मला राहू द्या. आई गाते तीत. आधी बराच वेळ खरखरच आहे. बाबांना भारी घाई, तिने सूर लावायच्या आत यंत्र सुरू केलं! मग गाते बघा."

माझ्या मांडीवर मेणाचा भुसा पडला होता. तो झटकून मी म्हणालो, "मेण कमकुवत झालंय, बाई. एकदा वाजवली की संपली. जपून ठेवा."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," म्हणत त्यांनी नळी कापसात गुंडाळली.

तेव्हापासून दर ईस्टरला त्या लाल अंडी घेऊन येतात, ऐकू का म्हणून विचारतात आणि मी नको म्हणतो. बाजारात लोक माझ्या शब्दावर डोळे मिटून माल घेतात. मला त्या शब्दाची लाज वाटते. यंत्र मी विकलं नाही, पण त्याने काही भरून येत नाही.

गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, "आता पुरे, दादा. मोडली तर मोडली, या ईस्टरला ऐकणारच. तिचा चेहरा आठवत नाही हो मला. आवाज तरी ऐकते."

डॉक्टरांच्या मते मी ईस्टर बघत नाही. तोंडावर सांगायची हिंमत मला आजही नाही. स्त्रातोस, यंत्र देण्याआधी हे कलम त्यांना वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस. बाई, त्या नळीवर तुमची आई नाही. मी आहे. "एक, दोन, तीन, माल अस्सल आहे," एवढंच तिच्यावर आहे.

४. माझ्या अंत्यविधीला त्या आल्या नाहीत तर कोणी त्यांना नावं ठेवू नयेत.

साक्षीदार सह्यांना बसले असतानाच एव्हान्थियाबाई सूप घेऊन आल्या. "मीही करू का सही?" वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. "मला मेलीला काय मिळणार यांच्याकडून?" त्या हसल्या आणि सूप गार व्हावं म्हणून त्यावर फुंकर घालत बसल्या. हेही मी नोंदवून ठेवतो आणि खाली सही करतो.

पोलिक्रोनिस कारावास

साक्षीदार: अर्गिरिस दुकास, शिंपी; मेलपोमेनी व्लाखू, शेजारीण; लाझारोस पेत्सास, वकील

थेस्सालोनिकी, ९ फेब्रुवारी १९९३