मायाक्काची पहिली सही

सोलापूर
रविवार, दि. १७ ऑगस्ट २०२५

आदरणीय नीलम्मा बाईंना,
शिवानंदचे शरणु शरणार्थी.

बाई, गुडघा कसा आहे? बार्शीच्या घराला जिना आहे म्हणाला होतात, तो दिवसातून एकदाच चढत जा. नातू गुरु बालवाडीत जायला लागला असेल. तुमच्या हाताखालचा आहे म्हटल्यावर निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलून तिथल्या ताईंना कोड्यात टाकत असणार.

आमच्याकडे ठीक आहे. विरेश सातवीत गेला. श्रीदेवीची शिलाई चालू आहे. माझी नवी शाळा घरापासून दहा मिनिटांवर, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे. मुलं यंत्रमागावरच्या कामगारांची, घरात तेलुगू बोलणारी बरीच. पट दोनशे दहा. मोठा टीव्ही आहे, शिष्यवृत्तीचे जादा तास आहेत, डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आहे. मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवता येतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तीनदा नंबर लावला आणि कापला. तुम्ही पलीकडून "बोल रे" म्हणालात की मी भलतंच काहीतरी बोलत बसतो, म्हणून लिहितोय.

एप्रिलमध्ये आपली हुणशीवस्तीची शाळा बंद करून पोरं गावातल्या मोठ्या शाळेत घातली, तेव्हा तुमचा फोन आला होता. "तू विरोध केलास ना रे?" असं विचारलंत. मी म्हणालो, "केला बाई, पण वरून आदेश होता." त्यावर तुम्ही मलाच धीर दिलात. मग शाळा पुन्हा सुरू करा असा अर्ज लिहून घेतलात आणि बार्शीहून एसटीनं दोनदा जिल्हा परिषदेत आलात. दुसऱ्या वेळी मी तुम्हाला स्टँडवर सोडलं. गाडीला वेळ होता म्हणून आपण उसाचा रस प्यायलो. तुम्ही पाय चोळत बसला होतात आणि मी रसवाल्याशी उन्हाच्या गप्पा मारत होतो.

बाई, मी विरोध केला नव्हता. पालकांची संमती मीच लिहून दिली होती.

जानेवारीत तालुक्याला बैठक झाली. कमी पटाच्या शाळेतल्या पालकांनी लेखी संमती दिली तर मुलं मोठ्या शाळेत जातील, आणि बंद होणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाला घराजवळची शाळा मागता येईल, असं सांगितलं. "पालक नको म्हणाले तर तसं लिहून द्या," असंही साहेब म्हणाले होते. हे वाक्य मी बरेच महिने विसरल्यासारखं केलं. कुणी माझा हात धरला नव्हता. तुम्ही निवृत्त झाल्यावर मी दोन वर्षं एकटा होतो. अकरा मुलं, चार वर्ग, रोज पंचेचाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. पाठ दुखायची. विरेश जागा असताना मी घरी नसायचो. कारणं खरी आहेत बाई, पण ती मी पालकांना सांगायला हवी होती. ती मी सांगितली नाहीत.

आयांचं हळदीकुंकू ठेवलं होतं, तुम्ही ठेवायचात तसंच. ते झाल्यावर मी कागद काढला. "शाळेचा कागद आहे, सगळ्यांच्या सह्या लागतील," म्हणालो. गोजाबाईंनी विचारलं, "गणवेशाचा व्हय, सर?" आणि मी "हं" म्हणालो.

एवढंच. एक "हं". पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी खोटं काही बोललो नाही.

गोजाबाईंनी अंगठा दिला, बाकीच्यांनीही दिला. मायाक्काच्या बोटाला मी शाई लावणार तेवढ्यात तिनं हात मागे घेतला. "अंगठा नगं, सर. मी सही करनार की." तुमच्या शनिवारच्या आयांच्या वर्गात ती 'मा'च्या पुढे गेली नव्हती, तुम्हाला आठवत असेल. पुढचं लेकीनं शिकवलं. मेंढरं घेऊन नवरा, बिरप्पा, लांब गेला की संध्याकाळी प्रियदर्शनी तिला पाटीवर गिरवायला बसवायची. बाई, तिसरीतली पोर. त्या दिवशी ती आईच्या शेजारी उभी होती. जोडाक्षरापाशी मायाक्का अडली, तेव्हा पोरीनं आपल्या तळहातावर बोटानं 'क्का' काढून दाखवला. 'मायाक्का बिरप्पा कोळेकर' एवढं लिहायला पाचेक मिनिटं लागली. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.

जूनमध्ये मोठ्या शाळेतल्या अनिलकुमार सरांचा फोन आला. "तुमच्या वस्तीची अकरा नावं आमच्या पटावर आहेत, येतात सहा." मुलांना ने-आण करायला रिक्षा मिळणार होती. ती आठ दिवस आली आणि थांबली. चार किलोमीटरचा तो रस्ता, त्यात खडीचे डंपर. मुलगे सायकलवर जातात. पाच मुली घरी.

महिनाअखेरच्या रविवारी मी वस्तीवर गेलो. प्रियदर्शनी घरामागे कोकरांना पाला घालत होती. अंगात शाळेचाच गणवेश. मला बघून तिला वाटलं, शाळा उघडायला आलो. धावत जाऊन ती बाकीच्या चौघींना बोलवून आली. पाची जणी ओळीत उभ्या राहिल्या, परिपाठाला राहतात तशा. "नंतर बघू," म्हणालो.

मायाक्कानं चहा केला. कप हातात देऊन समोर बसली.

"गावातल्या सरास्नी इचारलं, आमची शाळा का बंद केला? तर म्हनले, तुमचीच सही हाय की. आमी कशावर सही केलो, सर?"

"सरकारचा नियम आहे, मायाक्का. पट कमी होता."

"नियम कळला. कागद कसला होता, ते इचारायलोय."

मी चहा तसाच ठेवला आणि उशीर होतोय म्हणून उठलो. माझी गाडी लांब जाईपर्यंत ती दारात उभी होती.

त्यानंतर पंधरा दिवस मी काहीच केलं नाही. वर्गात टीव्ही लावून बसायचो. शेवटी श्रीदेवीला सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलं, म्हणाली, "आणि नीलम्मा बाईंना काय सांगितलंस?" मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा केल्या. ती पुन्हा शिवायला लागली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग मी तालुक्याला लिहून दिलं, की मजकूर वाचून न दाखवता मी सह्या घेतल्या आणि गणवेशाची यादी आहे असा समज होऊ दिला. साहेबांनी वाचून विचारलं, "विचार केलाय ना? चौकशी लागेल." मी हो म्हणालो. त्याला धाडस समजू नका बाई, तोवर माझी झोपच गेली होती.

सहा ऑगस्टला साहेब वस्तीवर आले. शाळेच्या पायऱ्यांवर सगळे जमले, बिरप्पाही आला होता. मी उभा राहून सांगितलं, आधी मराठीत, मग सगळ्यांना नीट कळावं म्हणून कन्नडमध्ये. कन्नडमध्ये सांगताना जास्त जड गेलं. गोजाबाई उठून निघून गेल्या. बिरप्पा जमिनीकडे बघत राहिला. मायाक्का आवाज न चढवता म्हणाली, "शिकल्यावर कुनी फसवत न्हाय, असं आमाला तुमीच सांगितलं की, सर."

विलीनीकरणाला सध्या स्थगिती मिळाली आहे. उद्या सोमवारपासून शाळा भरतेय. मी साहेबांना म्हणालो होतो, मला परत इथंच पाठवा, मी चालवतो. मनात होतं की पोरांसमोर रोज उभं राहिलो तर कधीतरी केलेलं फिटेल. पण पालकांनी त्याच दिवशी आपला अर्ज लिहायला लावला. तिथं आलेल्या अनिलकुमार सरांनी लिहिला. सही करण्याआधी मायाक्कानं तो काढून घेतला आणि लेकीच्या हातात दिला. "मोट्यानं वाच."

प्रियदर्शनी वाचायला लागली. तुम्ही शिकवलंत तसं, विरामापाशी थांबत. "आम्हाला आमची शाळा पाहिजे." मग पुढची ओळ बघून ती थांबली. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं.

मायाक्का म्हणाली, "लिवलंय ते वाच."

"शिवानंद सर नकोत."

आवाज बारीक झाला होता, पण एकही अक्षर चुकलं नाही.

माझी चौकशी चालू आहे, जो निर्णय होईल तो होईल. वस्तीवर नवीन शिक्षक मिळायला वेळ लागेल. तोवर अनिलकुमार सर आठवड्यातून दोन दिवस येणार. उरलेल्या दिवसांचं काय, म्हणून पालकांनी माझ्याकडे तुमचा नंबर मागितला. मी दिला. या आठवड्यात मायाक्काचा फोन येईल. बाई थोडे दिवस येऊन राहतील का, आमच्या घरी राहा म्हणावं, असं त्यांचं चाललंय. जायचं की नाही, ते गुडघा बघून ठरवा. मी मध्ये काही बोलणार नाही. पण त्या बायका बोलायला लागल्या की माझंही नाव निघेल, आणि ते त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं. खरं तर एप्रिलमध्येच कळायला हवं होतं.

तुम्ही चार्ज दिलात त्या दिवशी हजेरीपट माझ्या हातात ठेवून म्हणाला होतात, "पोरं मोजून घे." मी मोजली बाई, अकराच भरली. कमी आहेत एवढंच मला दिसलं.

उत्तर नाही आलं तरी चालेल. वस्तीवर गेलात तर मुलींना माझा निरोप सांगू नका.

इतकी वर्षं प्रत्येक कागदाखाली 'आपला विश्वासू' लिहीत आलो. आज ते लिहवत नाही.

शिवानंद